माशांच्या खाद्यात वनस्पतींचे अर्क : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

लसूण, हळद आणि गुळवेल यांच्या अर्कांचे तयार मिश्रण रोहू-कटल्याच्या गोळी खाद्यातून काही महिने दिल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, हे रोगावरचे औषध नसून रोग येण्याआधी द्यायचे पूरक आहे, आणि त्याच अपेक्षेने ते घ्यावे.

पहिला फरक भुकेत दिसला. लसणाच्या वासाने मासे खाद्याच्या थाळीवर लवकर जमू लागले आणि थाळीत उरणारे खाद्य कमी झाले. जाळे ओढल्यावर खवले निघालेल्या जागी एरवी जे लाल चट्टे उठतात, तेही कमी आढळले. साधे खाद्य चालू ठेवलेल्या दुसऱ्या तळ्यात ते थोडे अधिक होते. मात्र दोन तळ्यांचे पाणी कधीच तंतोतंत सारखे नसते, त्यामुळे सगळे श्रेय अर्काला द्यायला मी धजत नाही.

खरी मेख मिसळण्यात आहे. हळदीतले कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तर लसणातले ॲलिसिन उष्णतेने आणि साठवणुकीत लवकर नष्ट होते. म्हणून अर्क खाद्यतेलात कालवून तयार गोळ्यांना चोळावा, गोळ्या सावलीत सुकवाव्यात आणि दोन-तीन दिवस पुरेल एवढेच खाद्य एका वेळी तयार करावे. चोळलेल्या चार गोळ्या काचेच्या पेल्यातल्या पाण्यात टाकून पाहाव्यात : पाणी लगेच पिवळे झाले, तर अर्क माशांच्या पोटात न जाता तळ्यात जाणार हे उघड आहे.

माशांच्या अंगाला चिकटणाऱ्या उवांवर (परजीवी किड्यांवर) या मिश्रणाचा काहीही परिणाम दिसला नाही. एरोमोनाससारख्या जिवाणूंमुळे जखमा झालेला मासा मुळात खाणेच सोडतो. मग खाद्यातला अर्क त्याच्यापर्यंत पोहोचणार कसा? पहाटे प्राणवायू घटला, तर तिथे एरेटरच, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारे यंत्रच, लागते.

तक्रार आहे ती वेष्टनाबद्दल. त्यावर वनस्पतींची नावे ठळक छापली आहेत, पण सक्रिय घटकांचे प्रमाण कुठेच नाही, आणि दोन पाकिटांच्या रंगात व वासात डोळ्यांना कळेल इतका फरक होता. पुढच्या वेळी प्रमाण छापलेले उत्पादन मिळाले तरच घेईन, आणि तेही सलग न देता, जाळे ओढण्याच्या किंवा बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडण्याच्या आधीचे काही आठवडे देईन.