नवी लायकेन ठरवायची तर आधी टीएलसी की आधी डीएनए?

त्र्यंबक-अंजनेरीच्या पट्ट्यातला लायकेनचा (म्हणजे बुरशी आणि शैवाल यांच्या जोडीचा, मसाल्याचं दगडफूल त्यातलंच) नमुना अवस्थींच्या १९८८ आणि १९९१ च्या कीमध्ये, म्हणजे लायकेन ओळखायच्या पुस्तकांमध्ये, कुठेच बसत नाही. बीजाणू मोजून झालेत, आयोडीनचा थेंब टाकून झालाय, तरी नाव लागत नाही. मग आता पैसे कशावर घालायचे, असं आमच्याकडे एमएस्सीची मुलं दरवर्षी विचारतात. पातळ थराची क्रोमॅटोग्राफी, म्हणजे नमुन्यातली रसायनं प्लेटवर ठिपक्यांच्या रूपात वेगळी करणारी आपली टीएलसी, की सरळ डीएनए सीक्वेन्सिंग? मी दोन्ही केलंय, आणि ज्यांना दोन्ही परवडतं त्यांनी दोन्ही करावंच. पण कॉलेजच्या अनुदानात एकच काहीतरी बसणार असेल, तर पुढचं वाचा.

डीएनएची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. लायकेनला दिलेलं नाव नियमाप्रमाणे तिच्यातल्या बुरशीचंच असतं, आणि बुरश्यांसाठी डीएनएचा आयटीएस हा तुकडा २०१२ पासून अधिकृत बारकोड, म्हणजे जात ओळखायची खूण, मानला जातो. त्याची ताकद बघायची तर अमेरिका खंडातल्या उष्ण भागातली कोरा नावाची लायकेन बघा. वर्षानुवर्षं जिला एकच जात समजत होते, तिच्यात किमान १२६ जाती दडल्या आहेत असं २०१४ मध्ये आयटीएसवरून दाखवून दिलं गेलं. आपल्या घाटमाथ्यावरही असे प्रकार नसतील असं कोण म्हणेल? शिवाय आजकाल बहुतेक जर्नलांचे परीक्षक सीक्वेन्स मागतातच. त्यांना नुसता प्लेटचा फोटो दाखवून भागत नाही.

आता माझं घोडं कुठे अडलं ते सांगतो.

आपल्याकडे गोळा करायला जातो तो बहुधा पावसाळ्यात किंवा पाऊस सरता सरता, कारण तेव्हाच लायकेन फुगून डोळ्यांत भरते. त्र्यंबकचा ऑगस्ट ज्यांनी पाहिलाय त्यांना कागदी पाकिटं तिथे किती वाळतात हे सांगायला नको. सालीसकट आणलेला ओला थॅलस, म्हणजे लायकेनचं शरीर, पाकिटात राहतो आणि बघता बघता त्यावर दुसरीच बुरशी धरते. ती डोळ्यांना दिसतेच असं नाही. आयटीएसचा तुकडा पकडणारे प्रायमर बुरशीसाठी बनवलेले असतात, पण कोणत्या बुरशीसाठी हे त्यांना कळत नाही. आम्ही नमुना पाठवला, थांबलो, आणि मग देखणा रिपोर्ट आला: शिखरं स्वच्छ, सीक्वेन्स पूर्ण. ब्लास्टला, म्हणजे आधी नोंदलेल्या सीक्वेन्सशी जुळवून बघायला, टाकला तर निघालं क्लॅडोस्पोरियम, म्हणजे भिंतीवर, भाकरीवर, कुठेही येणारी साधी काळपट बुरशी. बिल मात्र पूर्ण. लॅबला बोल लावता येत नाही, जे पाठवलं तेच त्यांनी वाचलं.

क्लॅडोस्पोरियम निघालं तर निदान समजतं तरी. खरा वैताग असतो तो जुळणी ८५-८६ टक्क्यांवर येऊन थांबते तेव्हा. ही जात नवी आहे म्हणून जुळत नाही, की सह्याद्रीतल्या त्या जीनसचे (जवळच्या जातींच्या गटाचे) सीक्वेन्स कुणी अजून टाकलेलेच नाहीत म्हणून? की लायकेनवर राहणारी तिसरीच एखादी बुरशी उचलली गेलीय? तिन्ही शक्यता सारख्याच खऱ्या वाटतात, आणि रिपोर्टमध्ये याचं उत्तर नसतं. जवळच्या जातीचं जुनं टाइप स्पेसिमेन, म्हणजे ज्यावरून तिला नाव दिलं तो मूळ नमुना, मागवून त्यातून डीएनए काढू म्हटलं, तर कित्येक दशकं पाकिटात पडलेल्या नमुन्यातून तो धड निघत नाही. मी डीएनए दुसऱ्या क्रमांकावर ठेवला तो याच कारणाने.

टीएलसीला जुन्या नमुन्याचं वावडं नाही. लायकेनची आम्लं पाकिटात वर्षानुवर्षं टिकतात. लखनौच्या हर्बेरियममधला (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहातला) किंवा पुण्यात आघारकर संस्थेत ठेवलेला नमुना असो, परवानगीने मिळालेला नखाएवढा तुकडा ॲसिटोनमध्ये बुडवला की पुरतं. तो आणि तुमचा नमुना एकाच प्लेटवर शेजारी शेजारी धावतात. सह्याद्रीतल्या कितीतरी जातींची मूळ वर्णनं पुण्यातल्याच लोकांनी लिहिली, आणि त्यांत रसायनं नोंदलेली आहेत. पटवर्धन, मखिजा यांनी जी भाषा वापरली त्याच भाषेत तुमचा नमुना बोलतो, ही सोय मला तरी फार मोठी वाटते.

आणि ती स्वस्तही आहे. नायलँडरने १८६६ मध्ये पोटॅश आणि ब्लीचचे थेंब टाकायला सुरुवात केली, कल्बर्सन आणि क्रिस्टिनसन यांनी १९७० मध्ये प्लेटची पद्धत बसवून दिली, आणि आजही मूळ गाभा तोच आहे. प्रत्येक प्लेटवर तुलनेसाठी ओळखीचे दोन ठिपके लागतात, ॲट्रॅनोरिन आणि नॉरस्टिक्टिक ॲसिड या लायकेनमधल्या रसायनांचे. त्यातल्या ॲट्रॅनोरिनसाठी आम्ही बाजारातून मसाल्याचं दगडफूल आणतो. त्या पुडीत बहुधा दोन-तीन जातींची खिचडी असते, म्हणून आधी निवडावं लागतं. ब्लेडने वरची राखाडी साल हलकेच खरवडायची, आतला पांढरा गाभा उघडा करायचा आणि त्यावर ताज्या ब्लीचचा थेंब सोडायचा. एखादा तुकडा क्षणात गडद गुलाबी-लाल होतो आणि लगेच फिकटतो. तो लेकॅनोरिक ॲसिडवाला पार्मोट्रेमा टिंक्टोरम असण्याचीच शक्यता जास्त. शेजारचा तुकडा ढिम्म राहतो. लाल झालेला तुकडा प्लेटवर ॲट्रॅनोरिन आणि लेकॅनोरिक असे दोन्ही ठिपके देतो, म्हणजे एका पुडीत दोन कामं. नॉरस्टिक्टिक मात्र ओळखीच्या नमुन्यातूनच घ्यावं लागतं.

टीएलसीच्या खोड्याही आहेत. टोल्युइनचा वास डोक्यात जातो, फ्यूम हूड नसेल तर करूच नका. दमट दिवशी ठिपके थोडे सरकतात. दगडफुलाचा ठिपका सोबत लागतो तो यासाठीच. दहा टक्के सल्फ्युरिक ॲसिड फवारून ओव्हनमध्ये तापवायच्या आत अतिनील दिव्याखाली दिसलेले ठिपके पेन्सिलीने गोल करून घ्यायला विसरू नका, कारण नंतर रंग सगळेच बदलतात. पण सकाळी आणलेल्या नमुन्याचं संध्याकाळी काहीतरी कळतं, आणि गोंधळ वाटला तर दुसऱ्या दिवशी परत चालवता येतं.

नुसत्या रसायनावर जात उभी करू नये, हेही खरंच. उत्तर अमेरिकेत ब्रायोरिया फ्रेमोंटाय आणि ब्रायोरिया टोर्टुओसा अशा दोन जाती मानत. दुसरीत पिवळं, विषारी व्हल्पिनिक ॲसिड भरपूर. डीएनए पाहिल्यावर मुख्य बुरशी एकच निघाली, आणि २०१६ मध्ये कळलं की त्या पिवळ्या रूपात एका वेगळ्याच यीस्टचं प्रमाण जास्त असतं. म्हणजे प्लेटवर फरक दिसला की लगेच नवी जात जाहीर करायची, असं मी म्हणत नाही.

तुमचा नमुना ग्राफिसच्या कुळातला असेल तर माझं मत थोडं बदलतं. आंब्या-उंबराच्या सालीवर मोडी कागदासारख्या काळ्या रेघा ओढणारी ही मंडळी. त्यांच्यातल्या अनेकांची प्लेट कोरीच राहते, एकही ठिपका उठत नाही. तिथे बीजाणू आणि रेघेचा आडवा छेद हाच आधार असतो, आणि डीएनए केला तर त्याचा उपयोग होतो. पण मग नमुना त्याच संध्याकाळी सिलिका जेलमध्ये टाका, साल शक्य तितकी बाजूला काढा, आणि लॅबला थॅलसऐवजी सुईने उचललेली फळपिंडं (बीजाणू बनतात ते भाग) द्या. पार्मोट्रेमा, हेटेरोडर्मिया, पिक्सिन अशा पानासारख्या किंवा पाकळ्यांच्या लायकेनींसाठी मात्र मी आधी प्लेटच चालवीन. तुमच्याकडे चांगली मॉलिक्युलर लॅब हाताशी असेल तर क्रम उलटाही चालेल.

एक काम दोन्हीकडे सारखंच आहे. २०१२ पासून लॅटिन वर्णनाची सक्ती नाही, इंग्रजी चालतं. पण २०१३ पासून मायकोबँकसारख्या, बुरश्यांच्या नावांच्या नोंदणीचा क्रमांक नसेल तर नाव वैध धरत नाहीत, आणि जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे नव्या जातीचा नमुना नेमून दिलेल्या संस्थेत जमा करावा लागतो. अंजनेरी संवर्धन राखीव आहे, तेव्हा वनखात्याचं परवानगीपत्र आधी हातात असू द्या. शोधनिबंध तयार झाल्यावर ते मागायला गेलात तर काम अडून बसेल.