उंदराच्या मेंदूतील नकाशा शिकवणारा ऑनलाइन अभ्यासक्रम: एक परीक्षण

उंदीर एखाद्या जागी पोहोचला की आपण नेमके कुठे आहोत हे त्याच्या मेंदूला कसे कळते आणि ती जागा त्याच्या लक्षात कशी राहते, या एकाच प्रश्नाला वाहिलेला सहा आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. या विषयावर व्हिडिओंची कमतरता नाही, परंतु बहुतेकांत तयार निष्कर्ष सांगून विषय संपवलेला असतो. येथे मात्र प्रयोगातील मूळ नोंदी विद्यार्थ्याच्या हाती देऊन निष्कर्ष त्यालाच काढायला लावले आहेत, आणि तेवढ्यासाठीच मी हा अभ्यासक्रम मनापासून सुचवतो.

पहिला आठवडा इतिहासाचा आहे. एडवर्ड टोलमन यांनी १९४८ मध्ये मांडलेली मनातल्या नकाशाची कल्पना आणि १९७१ मध्ये जॉन ओ'कीफ व जोनाथन डोस्ट्रोव्स्की यांना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या स्मृतीशी निगडित भागात, सापडलेल्या स्थानपेशी, म्हणजेच प्लेस सेल्स, एवढा भाग त्यात नेटकेपणाने येतो. खरी रंगत मात्र दुसऱ्या आठवड्यातील ध्वनिफितीने येते. केसासारख्या बारीक चार तारा एकत्र पिळून केलेल्या इलेक्ट्रोडमधून येणारे विद्युत्स्पंद स्पीकरवर ऐकवले जातात आणि शेजारी चौकोनी पेटीत दाणे शोधत फिरणारा उंदीर दिसतो. बराच वेळ जवळजवळ शांतता असते. उंदीर पेटीच्या एका विशिष्ट भागात शिरताच तडतड सुरू होते आणि तो बाहेर पडताच थांबते. स्थानपेशीची व्याख्या मी अनेकदा वाचली होती, पण ती मला समजली ती त्या तडतडीने.

त्यानंतरचा स्वाध्याय अभ्यासक्रमातील सर्वोत्तम भाग आहे. पडद्यावर उंदराच्या वाटेची करडी रेघ आणि पेशी जिथे जिथे चेतली तिथे लाल ठिपके दिलेले असतात. मी ठिपक्यांची सर्वाधिक गर्दी असलेला कोपरा निवडला आणि उत्तर चुकले. उंदीर त्या कोपऱ्यात ६० सेकंद रेंगाळला होता आणि तेवढ्या वेळात ३० स्पंद नोंदले गेले होते. पेटीच्या मध्यातून तो जेमतेम ३ सेकंदांत गेला होता, पण तेवढ्यात २४ स्पंद पडले होते. म्हणजे कोपऱ्यात सेकंदाला अर्धा स्पंद आणि मध्यात आठ. स्पंदांची संख्या त्या जागी घालवलेल्या वेळाने भागल्याशिवाय नकाशा खरा ठरत नाही, ही गोष्ट स्वतः चुकल्याशिवाय इतकी पक्की बसली नसती.

ग्रिडपेशींवरचा चौथा आठवडाही याच तोडीचा आहे. नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथे माय-ब्रिट मोसर आणि एडवर्ड मोसर यांच्या गटाने २००५ मध्ये हिप्पोकॅम्पसला लागून असलेल्या एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्समधील या पेशींची षट्कोनी रचना दाखवली; अशी एकेक पेशी समान अंतरावरच्या अनेक जागी चेतते आणि त्या जागा जोडल्या की षट्कोनांची जाळी दिसते. २०१४ चे नोबेल पारितोषिक ओ'कीफ आणि या दांपत्याला विभागून मिळाले. डोके कोणत्या दिशेला आहे त्यानुसार चेतणाऱ्या दिशापेशी आणि भिंतीजवळ चेतणाऱ्या सीमापेशी मात्र एकाच पाठात उरकल्या आहेत. माझा मोठा आक्षेप 'मेंदूतील जीपीएस' या उपमेला आहे, कारण शिक्षक ती वारंवार वापरतात. जीपीएसला स्थान कळते ते बाहेरून, उपग्रहांच्या संदेशांवरून. ग्रिडपेशींची रचना मात्र दिवे मालवल्यावरही टिकते, कारण उंदीर आपल्याच चालीचा वेग आणि दिशा यांचा हिशेब ठेवत असतो. त्या हिशेबात चूक साचत जाते आणि भिंतीसारखी ओळखीची खूण भेटली की ती दुरुस्त होते. हा सगळा सुंदर भाग त्या उपमेखाली झाकला जातो.

स्मृतीचा भाग त्यामानाने तोकडा आहे. जागेपणी एकत्र चेतलेल्या स्थानपेशी झोपेत पुन्हा एकत्र चेततात, हे मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅक्नॉटन यांचे १९९४ चे काम आधाराला घेऊन शिक्षक लगेच सांगतात की याच उजळणीमुळे आठवण पक्की होते. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. त्यासाठी अशा उजळणीच्या वेळी हिप्पोकॅम्पसमध्ये उठणाऱ्या वेगवान विद्युत्लहरी झोपेत मुद्दाम खंडित करणारा २००९ चा प्रयोग सांगायला हवा होता. त्यात लहरी मोडल्या गेलेले उंदीर वाट शिकण्यात मागे पडले. वेळाने भागायला विसरू नका असे इतक्या कळकळीने शिकवणाऱ्या अभ्यासक्रमात ही उडी खटकते.

आलेख वाचता येत असेल तर पहिले चार आठवडे प्रोग्रामिंगशिवाय पार पडतात. पुढे पायथॉनची थोडी ओळख लागते.

शेवटच्या पाठासोबत झोपेतील नोंदींची एक फाईल दिलेली आहे, पण तिच्यावर एकही स्वाध्याय नाही. ती वगळू नका. अरुंद पट्टीवर धावताना ज्या क्रमाने सात पेशी चेतल्या होत्या, त्याच क्रमाने मी त्यांच्या ओळी एकाखाली एक लावल्या आणि झोपेच्या नोंदीतून हळूहळू पुढे सरकत गेलो. बराच वेळ विस्कळीत ठिपके दिसत राहिले. मग एका ठिकाणी सेकंदाच्या दहाव्या भागात सातही ठिपके वरून खाली तिरप्या रेषेत उतरलेले दिसले. उंदीर झोपलेला होता आणि ती सगळी पट्टी त्याच्या मेंदूत पुन्हा एकदा धावून झाली होती.