द डेथ ऑफ स्टॅलिन: इतिहास माहीत नसताना बघावा का?

स्टॅलिन म्हणजे मिशी, दुसरं महायुद्ध आणि लाखो माणसं मारली, एवढ्या भांडवलावर मी हा पिक्चर लावला. बेरिया कोण, मालेन्कॉव्ह कोण, काही पत्ता नाही (पहिला गुप्त पोलिसांचा सर्वेसर्वा, दुसरा स्टॅलिनच्या जागी बसलेला, हे नंतर कळलं). दिग्दर्शक अर्मांडो इयानुचीची 2017 ची ब्लॅक कॉमेडी आहे, रशियाने 2018 मध्ये रिलीजच्या तोंडावर परवानगी काढून घेतली होती म्हणून उत्सुकता होती, बाकी काही नाही.

तर सुरुवातीला काहीच माहीत असायची गरज नाही. रेडिओवर कॉन्सर्ट लाइव्ह चालू असते, संपते, आणि स्टॅलिनचा फोन येतो की रेकॉर्डिंग पाठवा. रेकॉर्डिंग केलेलंच नसतं! मग दारं लावून घेतात, लोकांना परत बसवतात, रस्त्यावरून माणसं धरून आणतात, दुसरा कंडक्टर झोपेतून उठवून घरच्या कपड्यात उभा करतात आणि सगळं पुन्हा वाजवतात. दुसरीकडे स्टॅलिनच्या आतल्या गोटातला नेता ख्रुश्चेव्ह (स्टीव्ह बुशेमी, जबरदस्त) पार्टीहून घरी येऊन बायकोला लिहून घ्यायला सांगतो की आज साहेब कुठल्या जोकवर हसले आणि कुठल्यावर नाही. हे कळायला रशिया कशाला लागतो, कुठल्याही ऑफिसात चार वर्षं काढलेला माणूस हसेल.

पण मग स्टॅलिन कोसळतो आणि इथे मात्र माहिती नसेल तर अर्धी मजा जाते. पक्षाचे सगळे बडे नेते जमलेत, तो स्वतःच्याच लघवीत पडलाय, आणि डॉक्टरला बोलवायचं की नाही यावर कमिटी चर्चा करतेय, कोणी म्हणतं चांगले डॉक्टर सगळे तुरुंगात नाहीतर मेलेत. मला वाटलं लेखकाने ओढूनताणून जोक केलाय. नंतर वाचलं तर 1952-53 मध्ये खरंच मोठमोठ्या डॉक्टरांवर नेत्यांना मारायचा कट केल्याचा आरोप ठेवून पकडलं होतं, त्यातले बरेचसे ज्यू. आणि 1 मार्चला दिवसभर खोलीत जायची कोणाची हिंमत झाली नाही, रात्री जाऊन बघितलं, हेही खरं. एवढं एक आधी वाचून घ्या, तो सीन दुप्पट चालतो. तोंडं पाडून उभे असलेले सगळे आतून सुंठीवाचून खोकला गेला म्हणतायत, आणि मेला नाही तर आपली खैर नाही हेही त्यांना माहितीय.

स्टॅलिनचा जुना सहकारी मोलोटोव्हचा (मायकेल पेलिन) भाग तर माहितीशिवाय वाया जातो. बायकोला तुरुंगात टाकलंय आणि हा पठ्ठ्या पक्षाचंच बरोबर म्हणून तिलाच शिव्या घालतोय, तेवढ्यात बेरिया तिला घेऊन दारात हजर, की याचा सूर लगेच बदलला! नवरा इतका भित्रा असतो का असं वाटतं, पण ती खरंच तुरुंगात होती आणि स्टॅलिन मेल्यावरच सुटली.

उत्तरार्धात नावांचा गोंधळ होतो, सबटायटल लावा. आणि हा पिक्चर म्हणजे इतिहास समजू नका, कारण इथे सगळं चारपाच दिवसांत उरकलंय. खऱ्यात बेरियाला अटक जूनमध्ये झाली आणि गोळी घातली डिसेंबरमध्ये. अंत्ययात्रेच्या गर्दीवर गोळीबार दाखवलाय, प्रत्यक्षात माणसं मेली ती चेंगराचेंगरीत. सायमन रसेल बीलचा बेरिया मात्र अंगावर येतो, आणि तो माणूस बायकामुलींशी जे करायचा ते काही लेखकाच्या मनचं नाही.

जाताजाता, यातली स्टॅलिनची मुलगी स्वेतलाना पुढे ब्रजेश सिंग या आपल्या भारतीय जोडीदाराच्या अस्थी घेऊन आपल्याकडे आली होती, आणि 1967 मध्ये दिल्लीतल्या अमेरिकन वकिलातीत जाऊन तिने आश्रय मागितला. त्यावर कोणी पिक्चर काढला तर तोही मी बघेन, यावेळी आधी वाचून.

पाचपैकी चार. शिव्या आणि डोक्यात गोळ्या भरपूर आहेत, आईबाबांसोबत लावू नका.