यू-टू, नेरूळ: पब्लिक ए साइडचं, शो बी साइडचा

काल रात्री डी वाय पाटील स्टेडियमवरून घरी आलो, आज ऑफिस पण करून आलो, घसा पार बसलाय आणि कानात अजून बारीक शिट्टी वाजतेय. तरी म्हटलं डोक्यातून उतरायच्या आत लिहून टाकावं.

आयर्लंडचा रॉक बँड यू-टू भारतात पहिल्यांदाच आला, १५ डिसेंबर २०१९, आणि त्यांच्या 'द जोशुआ ट्री' अल्बमच्या या टूरचा हा शेवटचा शो. बँड १९७६ चा, डब्लिनच्या एका शाळेत लॅरी मलनने नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावली तिथून सुरू झालेला, आणि बोनो, एज, ॲडम, लॅरी हे चौघं आजपर्यंत तेच. आमच्या चाळीची क्रिकेट टीम तीन वर्षं टिकली नव्हती.

हा अल्बम १९८७ चा. माझ्याकडे आला चार-पाच वर्षांनी, चुलतभावाची कॅसेट ढापली होती. ए साइडच्या, म्हणजे कॅसेटच्या पहिल्या बाजूच्या, सुरुवातीलाच डेकने टेप चावलेली, त्यामुळे पहिलं गाणं लडबडायचं, आणि टेप एकच असल्यामुळे उलट्या बाजूला बी साइडचं शेवटचं गाणं पण तिथेच लडबडायचं. नंतर एमपीथ्री आले, सगळं नीट ऐकलं, पण माझ्या डोक्यात ती दोन गाणी अजून तशीच आहेत. हे आत्ताच सांगून ठेवतो, पुढे लागेल.

तर शो. अकरावीतल्या लेकीला घेऊन गेलो होतो. डोंबिवलीहून ठाणे, तिथून ट्रान्स हार्बर, रविवार म्हणून मेगाब्लॉक आधी बघून ठेवलेला. जुईनगर सोडल्यावर डब्यात सगळे काळे टीशर्टच. तिकीट स्टँडमधल्या खुर्चीचं काढलं, गुडघ्याच्या नावाखाली. चूक माझीच. स्टेजच्या बरोब्बर समोर पण लांब, इतकं लांब की लॅरीचा हात ड्रमवर पडताना आधी दिसतो आणि ठोका नंतर कानात येतो. शंभर मीटरवरून आवाज यायला पाव सेकंदापेक्षा जास्तच लागतो, फिजिक्स आहे, भांडून उपयोग नाही, पण पहिली दोन गाणी डोकं नुसतं गरगरलं. मग मी स्टेजकडे बघत टाळ्या वाजवणं बंद केलं आणि कानाला येईल तशा वाजवल्या.

सुरुवातीची गाणी त्यांनी गर्दीत पुढे आलेल्या छोट्या स्टेजवर वाजवली, मागच्या स्क्रीनवर काढलेल्या मोठ्या झाडाची सावली पडावी तसा आकार आहे त्याचा. मागची स्क्रीन तेव्हा बंदच. आमच्याकडून चार मुंग्या. लेक म्हणाली, "बाबा, तुला तरी कळतंय का कोण कुठला ते?" मी ठोकून दिलं, हो.

आणि मग ते चालत मोठ्या स्टेजवर गेले, ऑर्गनचा सूर हळूहळू भरायला लागला, अख्खी स्क्रीन लाल, २०० फूट बाय ४५ फूट, त्यावर काळं झाड आणि खाली चार सावल्या, आणि लांबून कुठूनतरी एजची ती गिटार येते, एक सूर वाजवला की त्याचा पडसाद पुढच्या सुरात गुंतत जातो, एका माणसाच्या दोन हातांतून एवढं येतंय यावर विश्वास बसत नाही. इथे रडलो. लपवत नाही. शेजारचा टकलू काका पण रडत होता, आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

आता मुद्द्याचं. या टूरमध्ये ते अख्खा अल्बम क्रमाने वाजवतात, आणि या अल्बमची गोची अशी की सुपरहिट तीन गाणी पहिली तीनच आहेत. तिथपर्यंत सगळं स्टेडियम उभं, मोबाइल वर, गळे फुटेस्तोवर गाणं. ए साइड संपली आणि बी साइडचं पहिलं सुरू झालं तशी आमच्या स्टँडमधली निम्मी रांग उठली. बीअर, फ्रँकी, बाथरूम. आमच्या गुडघ्यांवरून एक्सक्यूज मी, एक्सक्यूज मी करत. मागे दोघं चक्क फ्लॅटच्या ईएमआयवर बोलत बसले.

आणि हे गाणं कशावर आहे, तर ब्रिटनमधल्या १९८४ च्या खाणकामगारांच्या संपावर. कितीतरी वर्षं त्यांनी हे स्टेजवर वाजवलंच नव्हतं, २०१७ मध्ये पहिल्यांदा घेतलं. स्क्रीनवर ब्रास बँड उभा, आणि बोनो त्या संपाने पोखरलेल्या घराबद्दल गातोय. माझे बाबा गिरणीत होते. ८२ च्या संपात घरी बसले ते परत खात्यात गेलेच नाहीत. कॅसेटवर ऐकताना मला इंग्लिश अर्धं कळायचं नाही, हे गाणं आमच्या घराबद्दल आहे हे कळायला माझी पस्तिशी उलटली होती. काल लेकीला कानात ओरडून एवढंच सांगितलं, "संपाचं आहे, आजोबांसारखं." ती नंतर ते गाणं संपेपर्यंत फोन काढून बसली नाही. बाकी पूर्ण शोभर काढून बसली होती.

बी साइडचं शेवटचं, अर्जेंटिनात गायब केलेल्या पोरांच्या आयांचं. स्क्रीनवर मेणबत्त्या घेतलेल्या बायकांची रांग, आणि मी येड्यासारखा टेप लडबडायची वाट बघतोय. नाही लडबडली. जरा चुकल्यासारखंच वाटलं.

अल्बम संपला, पुढचा भाग म्हणजे पब्लिक परत जागेवर. नाच, उड्या, बायकांवरच्या गाण्यात स्क्रीनवर खून झालेल्या पत्रकार गौरी लंकेशचा फोटो आला तेव्हा आमच्या बाजूला क्षणभर शांतता आणि मग टाळ्या. रहमान आला, सोबत त्याच्या मुली, यू-टूबरोबर केलेलं 'अहिंसा' गायले, आणि स्टेडियमचा आवाज असा चढला की बोनोला पण कळलं असेल गाव कुणाचं आहे. गाणं म्हणून मला ठीकठाकच वाटलं, खोटं कशाला बोलू. शेवटी स्क्रीनवर तिरंगा. बोनोचं मधलं बोलणं थोडं कमी चाललं असतं, पण ते यू-टूच्या तिकिटात धरूनच येतं.

पाचपैकी साडेचार. अर्धा माझ्या गुडघ्यांनी खाल्ला. असा पूर्ण अल्बमवाला शो कधी असेल तर ग्राउंडचंच तिकीट काढा आणि खायचं-प्यायचं आधी उरका. परतीच्या गाडीत ठाण्यापर्यंत उभं राहून आलो, लेक खांद्यावर झोपली होती. झोपायच्या आधी विचारत होती ती कॅसेट अजून आहे का. माळ्यावर असेल. डेक नाहीये.