साधं म्हणून मागवलं, त्यातलं खरंच साधं किती निघालं

सणांचा सीझन आला की मला ग्लिटरची धास्ती वाटते, खरंच. एक कार्ड उघडायचं, ती चमकी बोटाला, बोटाची गालाला, गालाची उशीला, पुढचे पंधरा दिवस घरात जो तो चमकतोय. म्हणून या वेळी ठरवलं की सगळं साधंच घ्यायचं, कार्डं, रॅपिंग पेपर, टॅग, गिफ्ट गुंडाळायला एक कापड आणि स्वतःला एक टीशर्ट, आणि सगळं एकाच ऑनलाइन दुकानातून मागवलं. दुकानाचं नाव लिहीत नाहीये कारण पुढे जरा बोंब मारायची आहे, आणि तसंही असली दुकानं आता पैशाला पासरी झालीत, वेबसाइट उघडली की मधोमध एक फुलदाणी आणि चारी बाजूंनी मोकळी जागा, ऑर्डरचं बटण शोधता शोधता नाकी नऊ.

आधी कार्डं, कारण तीच सगळ्यात भारी निघाली. बाराचा सेट, दुधाळ रंगाचा जाड कागद, 300 जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम), आणि खाली उजव्या कोपऱ्यात एक छोटंसं झाड, तेही सहा रेघांचं. बस. शुभेच्छा नाहीत, सोनेरी अक्षरं नाहीत, काही नाही. धाकट्या बहिणीने बघितलं आणि म्हणाली, "ताई, छापताना शाई संपली का गं यांची?" म्हटलं, "हात फिरव त्यावरून." फिरवला, मग परत फिरवला. लेटरप्रेस आहे ते, म्हणजे ठसा कागदात दाबून उमटवलाय, रेघ बोटाला चरासारखी लागते, आणि टेबललॅम्प आडवा धरला की त्या चरात बारीक सावली पडते, मग त्या सहा रेघांचं झाड जरा उभं राहिल्यासारखं दिसतं. गंमत म्हणजे जुन्या छपाईत असा खोल ठसा म्हणजे चांगलं काम नाही असं मानायचे, अक्षर कागदाला नुसतं टेकलं पाहिजे, मागून उठलं नाही पाहिजे. आज आपण त्या खड्ड्यालाच जास्त पैसे मोजतो.

कार्ड चांगलं की नाही हे मी घडीवरून ओळखते. मशीनवर बनलेल्या कागदात तंतू बहुतेक एकाच दिशेने पडलेले असतात, घडी त्यांना आडवी मारली की वरचा थर तडकतो आणि गडद रंग असेल तर मधोमध पांढरी भेग दिसते, तुम्हीही बघितली असेल, आपल्याला वाटतं पार्सलमध्ये चेंगरलं. इथे घडी तंतूंच्या दिशेने आहे आणि दुमडायच्या आधी खाच पाडलीये, त्यामुळे कार्ड टेबलावर उभं केलं की जबड्यासारखं आ वासून बसत नाही, व्यवस्थित उभं राहतं. कागदावर कोटिंग नाही म्हणून शाईपेनने लिहिलं तरी फुटलं नाही आणि जेल पेनने लिहिलेलं हात लागून पसरलं नाही. मागच्या वर्षी दुसरीकडून चकचकीत कार्डं घेतली होती, त्यात मावशीचं नाव लिहिलं आणि पाकिटात घालेपर्यंत मावशी निळ्या ढगात गेली होती.

पाकीटही बरोबर मापाचं. ऐकायला फालतू वाटतं पण बघा, ए6 कार्ड 105 बाय 148 मिलिमीटर असतं आणि त्याचं सी6 पाकीट 114 बाय 162, म्हणजे कार्ड आत सरकायला पुरेशी जागा, तरी खुळखुळत नाही. बरेच जण कागद वाचवायला पाकीट घट्ट कापतात आणि मग कार्डाचे कोपरे दुमडतात. एक तक्रार आहे, झाकणाला डिंक फक्त मध्ये लावलाय, दोन्ही टोकं उघडी राहतात, मी वरून ग्लूस्टिक फिरवली.

आतली बाजू कोरी आहे हे काहींना आवडणार नाही, लिहायचं काय हा प्रश्न पडतो. पण ख्रिसमस कार्डाचा जन्मच मुळी वेळ नाही म्हणून झालाय. 1843 साली लंडनमध्ये हेन्री कोल नावाच्या सरकारी अधिकाऱ्याला इतक्या पत्रांना उत्तरं द्यायला सवड नव्हती, त्याने हॉर्सली नावाच्या चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं आणि साधारण हजार कार्डं छापून घेतली, मजकूर तयार, नावासाठी जागा मोकळी. चित्रात अख्खं कुटुंब ग्लास उंचावून बसलंय, एका लहान मुलीच्या तोंडालाही वाईन लावलीये, त्यावरून दारूबंदीवाले चिडले. म्हणजे गर्दी आणि वाद दोन्ही पहिल्या कार्डापासूनच. मला एक कोरं कार्ड भरायला वीस मिनिटं लागली, कोलसाहेबांचं दुखणं पटलं.

आता रॅपिंग पेपर. इथे मी भडकले.

फोटोत मस्त तपकिरी क्राफ्ट पेपर होता, खरखरीत, त्यावर बारीक तंतू दिसतायत. रोल उघडला, मागची बाजू पांढरीशुभ्र. म्हणजे पांढऱ्या कागदावर तपकिरी रंग छापलाय! मला वाटलं असेल बुवा काहीतरी प्रकार, म्हणून खिडकीपाशी नेऊन नीट बघितलं तर ते तंतूसुद्धा छापलेले. स्वल्पविरामासारखा एक तंतू होता, साधारण वीतभर पुढे पुन्हा तोच स्वल्पविराम, पुढे अजून एक, बहिणीने सात मोजले आणि खो खो हसत सुटली. मग कोपरा फाडून मुठीत चुरगाळला, मूठ उघडल्यावर चोळामोळा राहायला हवा होता, तो हळूहळू उलगडत बसला. म्हणजे वर प्लॅस्टिकचा पातळ थर आहे, मॅट असल्यामुळे दिसत नाही एवढंच.

आणि मला राग नेमका कशाचा आला सांगते. क्राफ्ट पेपर तपकिरी असतो तो कोणी रंगवला म्हणून नाही, लगदा ब्लीच करत नाहीत म्हणून, काम एक पायरी आधी थांबवलं की तो रंग आपोआप राहतो. नावही जर्मन, क्राफ्ट म्हणजे ताकद, कागद चिवट असतो म्हणून. मुजी या जपानी ब्रँडने 1980 मध्ये चाळीस वस्तूंनिशी सुरुवात केली तेव्हा त्यांचा तो फिकट बेज कागदही असाच आला होता, लगदा पांढरा करायची पायरीच गाळली. इथे लोकांनी काय केलं, पांढरा करायची पायरी केली, मग वरून तपकिरी शाई, मग खोटे तंतू, मग प्लॅस्टिक, चार कामं जास्तीची आणि वर लेबल काय तर मिनिमल. यापेक्षा ते ग्लिटर बरं, निदान तोंडावर तरी चमकतं.

कस्टमर केअरला लिहिलं तर उत्तर आलं की रंग आणि टेक्स्चर हा डिझाइनचा भाग आहे, रोल उघडल्यामुळे रिटर्न होणार नाही. बरं.

पण त्यातही एक लॉटरी लागली. खोक्यात वस्तू हलू नयेत म्हणून जो चुरगाळलेला कागद भरला होता ना, तो अस्सल क्राफ्ट निघाला! दोन्ही बाजूंनी तपकिरी, फाडला की कडेला बारीक केसासारखे तंतू. मी तोच सरळ करून वाफ बंद ठेवून हलकी इस्त्री मारली आणि दोन गिफ्टं त्यात गुंडाळली. अडचणीत हाताला लागेल तो कागद वापरणारी मी काही पहिली नाही, 1917 मध्ये कॅन्सस सिटीत हॉल बंधूंच्या दुकानातला टिश्यू पेपर ऐन सीझनमध्ये संपला तेव्हा त्यांनी पाकिटाच्या आत लावायचा नक्षीदार फ्रेंच कागद काउंटरवर ठेवला आणि तो हातोहात खपला, तेच पुढे हॉलमार्क, ती कार्डांची कंपनी. माझ्या कागदावर इस्त्रीनंतरही सुरकुत्या राहिल्या, पण दोऱ्याने बांधल्यावर मुद्दाम केल्यासारख्या वाटल्या.

टॅग ठीकठाक, भोक कडेच्या फार जवळ पाडलंय, दोन फाटले.

कापड मात्र घ्याच. सत्तर सेंटिमीटरचा चौकोन, जपानी फुरोशिकी पद्धतीचा, एका बाजूला गडद निळा आणि दुसरीकडे राखाडी, चारही कडा बारीक दुमडून शिवलेल्या, एक धागा लोंबत नाही. समोरासमोरची दोन टोकं वर घेऊन साधी दुहेरी गाठ मारायची, सेलोटेप नाही कात्री नाही, पुस्तक गुंडाळायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. फुरो म्हणजे अंघोळ, शिकी म्हणजे अंथरलेलं, सार्वजनिक न्हाणीघरात कपडे बांधून न्यायचं कापड ते. ज्याला गिफ्ट दिलं त्याने पुस्तक बाजूला ठेवून आधी विचारलं, कापड परत करायचं का?

टीशर्ट म्हणजे तोच निळ्यापांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा, 1858 मध्ये फ्रेंच नौदलाने खलाशांसाठी नियम करून ठरवला होता, एकवीस पांढऱ्या पट्ट्या, निळ्याच्या दुप्पट रुंद. पट्ट्यांचा कपडा घेताना काखेखालची शिवण बघायची, पुढची पट्टी मागच्या पट्टीला मिळते का. स्वस्तात काम उरकलेलं असलं की तिथे जिना दिसतो. याची पट्टी बरोबर जुळते, अगदी खालच्या शिवणीपर्यंत. फक्त बाही मनगटाच्या वर चार बोटं संपते, खलाशांना सोयीची असेल, मला थंडी वाजते. तो सध्या बहिणीकडे आहे, घालून बघते म्हणाली होती, त्याला आता तीन आठवडे झाले.

आणि तो रोल, पांढरी बाजू वर करून कपाटाच्या कप्प्यांत अंथरलाय.