वडिलोपार्जित कौलारू घर: बिल्डरला द्यायचं, सिमेंटनं दुरुस्त करायचं की चुन्यानं?

बेळगावातली टिळकवाडी, शहापूर, शिवाय खानापूर, निपाणी. या पट्ट्यात ब्रिटिश काळातलं, मंगळुरी कौलांचं घर वाट्याला आलं की तीन माणसं दारात येतात: बदल्यात फ्लॅट देतो म्हणणारा बिल्डर, ‘सगळं पक्कं करून देतो’ म्हणणारा ठेकेदार, आणि शोधला तरच सापडणारा, चुन्याचा हात असलेला म्हातारा गवंडी.

बिल्डरचं आधी उरकतो. सात-आठ वारसदार, निम्मे पुण्यात, आढं खाली आलेलं, कुणी राहायला येणार नाही, अशी स्थिती असेल तर देऊन टाका. कुलूप लावून पडू देण्यापेक्षा ते बरं. मात्र घर कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीच्या हद्दीत असेल तर आधी कागद बघा. ओल्ड ग्रँट बंगल्यात जमीन सरकारची असते, तुमचं फक्त बांधकाम. तिथं मन मानेल तसं पाडता-बांधता येत नाही. ‘शंभर वर्षं झाली, आता सरकार हात लावू देणार नाही’ हीही ऐकीव गोष्ट. वय पुरेसं नसतं, वास्तू संरक्षित म्हणून जाहीर व्हावी लागते. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती (जैन मंदिर) किंवा सफा मशीद केंद्राच्या यादीत आहे, तुमच्या आजोबांचं घर नाही. अशा यादीतल्या वास्तूपासून 100 मीटरच्या आत मात्र नवं बांधकाम होत नाही, हे किल्ल्याच्या आसपासच्यांनी लक्षात ठेवावं.

खरा घोळ दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायात आहे, कारण दोन्हीला लोक ‘दुरुस्ती’च म्हणतात.

खानापूरला काकांच्या पडवीची भिंत पावसाळ्यात ओली व्हायची. जांभा दगड, सांध्यांत चुना, वर चुन्याचाच गिलावा. ठेकेदारानं तो खरवडून सिमेंट मारलं, वर चकचकीत रंग. पहिलं वर्ष फार देखणं गेलं. दुसऱ्या पावसात गुडघ्याच्या उंचीवर पांढरा खार फुलला, गिलाव्याचे फळ्यांएवढे पापुद्रे सुटले. पंखा लावायला आलेल्या वायरमननं तुळईच्या भिंतीतल्या टोकाला स्क्रूड्रायव्हर टोचला, तर तो भिजल्या पावात जावा तसा आत गेला. सागवान होतं ते! जांभा पाणी पितो आणि चुन्यातून सोडतो. सिमेंटनं ती वाट बुजवली की ओल वर चढते आणि लाकडाला भिडते.

चुन्याचं दुखणं वेगळं. कळीचा चुना आठवडे-आठवडे भिजवून मुरवावा लागतो. गिलावा हवेतूनच हळूहळू कडक होतो, तोवर त्याला पावसाची झोड चालत नाही. म्हणजे दिवाळी ते गुढीपाडवा एवढीच सवड, आणि तेवढ्यात गवंडी मिळायला हवा. मजुरी जास्त पडते. चुन्यात गुळाचं पाणी, हिरडा, विटांची भुकटी (सुरकी) घालायची म्हटलं की घरातली पोरं हसतात. पण पोपडा निघाला तर तेवढाच भाग पुन्हा लिंपता येतो. सिमेंट काढताना जांभ्याचे टवके निघतात.

छपराचंही तेच. कौलं काढून स्लॅब टाकला की दरवर्षी कौलं परतायचा ताप जातो, हे कबूल. पण वाशांचं छप्पर पेलायला बांधलेल्या भिंतीवर तो बोजा टाकणं मला पटत नाही. वासे, रीपा बदला, फुटकी कौलं बदला, माकडं असतील तर नशीब.

आपल्याकडे काय टिकलं ते बघा. कॅम्पातलं 1869 चं सेंट मेरीज चर्च, कारण तिथं प्रार्थना होते. 1892 साली विवेकानंद किल्ल्यातल्या ज्या घरात उतरले ते घर, कारण रामकृष्ण मिशन ते सांभाळतं. म्हणून माझा हिशेब असा: कुणी राहणार असेल किंवा निदान भाडेकरू असेल, तर चुना. कुणीच नसेल तर बिल्डर. सिमेंट कशातच नाही. त्यात पैसेही जातात आणि घरही.

पैसे एकदम नसतील तर यंदा फक्त छप्पर आणि पन्हाळी करा, गिलावा पुढच्या दिवाळीनंतर. आणि कुणालाही होकार देण्याआधी जुलैत दोन दिवस त्या घरात मुक्कामाला जा. ओल वरून गळतेय की जोत्यातून चढतेय, ते तेव्हाच दिसतं.