दोन टप्प्यांचा २४ इंची स्नो ब्लोअर: बफेलोच्या बर्फात कसा चालतो

अमेरिकेत इरी सरोवराकाठच्या बफेलोत एका रात्रीत दोन फूट बर्फ पडणं नवलाचं नाही. एक टप्प्याचं यंत्र आठ इंचांपुढे धापा टाकतं. पेट्रोलवरच्या या दोन टप्प्यांच्या यंत्रात पुढचा ऑगर, म्हणजे फिरणारा मळसूत्री पाता, बर्फ आत ओढतो, मागचा पंखा तो नळीतून तीसेक फूट लांब फेकतो. ताज्या, भुसभुशीत बर्फात काम झपाट्याने होतं.

खरी परीक्षा ड्राइव्हवेच्या तोंडाशी. रस्ता साफ करणारी गाडी तिथे जो बांध घालून जाते, तो मिठाने ओला आणि दगडासारखा जड असतो. पहिल्या गिअरमध्ये, अर्ध्या रुंदीचाच घास घ्या. गोठलेला गोळा अडकला की शिअर पिन, म्हणजे ऑगर जोडणारी मुद्दाम कमजोर ठेवलेली पिन, तुटते, आणि ती तुटायलाच हवी. तिच्या जागी साधा बोल्ट घातला तर गिअरबॉक्स जातो. जादा पिना जवळ ठेवा.

ओला बर्फ नळीत तुंबतो. आधी सिलिकॉन स्प्रे मारला तर कमी. तरीही तुंबलाच, तर इंजिन बंद करा, किल्ली काढा, पंखा थांबू द्या आणि सोबतच्या काठीनेच मोकळं करा. हात अजिबात घालू नका! इंजिन बंद असलं तरी पट्ट्यात ताण उरतो, अडथळा सुटताच पंखा फिरतो आणि बोटं जातात.

जिने, ओटे याच्या आवाक्याबाहेर, फावडं लागतंच. खडीवर स्किड शू, म्हणजे दोन्ही बाजूंचे घसरते पाय, इंचभर खाली सरकवून ऑगर उचला. उन्हाळ्यात टाकीत पेट्रोल तसंच राहिलं तर कार्ब्युरेटर चिकटतो आणि पहिल्याच वादळात यंत्र सुरू होत नाही. बंद गॅरेजमध्ये मात्र ते कधीच सुरू करू नका, कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.